पन्नास पुंगळ्या आणि एक टॉर्च

इंदूरला आलो की एक प्रश्न ठरलेला असतो. जेवणं होतात, सुपारी फिरते आणि कुणीतरी हळूच विचारतं, "काय रे, तू म्हणे तिकडे घरात काडतुसं बनवतोस?" त्या 'म्हणे'मध्ये बरंच काही असतं. मुलगा बीई झाला, सॉफ्टवेअरमध्ये लागला, अमेरिकेत स्थिरावला, इथवर सगळं ठीक होतं. मग मधेच हे काय?

माझे वरणगावचे मामा मात्र वेगळंच विचारतात. त्यांची सगळी नोकरी तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत झाली. सैन्याच्या रायफलींची काडतुसं तिथे तयार होतात. मी पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग एवढंच म्हणाले, "तपासतं कोण?"

"मीच," मी म्हणालो.

"भरणारा तूच आणि तपासणारा पण तूच?" मामा हसले आणि त्यांनी विषय बदलला. त्या हसण्याचा अर्थ मला पुढे दोन वर्षांनी कळला.

आधी कायद्याचं सांगतो, कारण हा अंक वाचणाऱ्यांत तरुण मुलंमुली बरीच आहेत. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. तेव्हा इथे कुणी याचा विचारही करू नये. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस पुन्हा भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. पण एच-वन बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर तिथे गेलेल्यांना बंदूकच काय, एक काडतूसही जवळ बाळगायला साधारणपणे मनाई आहे. शिकारीचा परवाना असणं, असे काही मोजके अपवाद आहेत. नवीन गेलेल्या मुलांना हे माहीत नसतं आणि मित्राबरोबर रेंजवर जाऊन फोटो टाकून मोकळे होतात. माझी बायको तिथेच जन्मलेली, त्यामुळे मला ग्रीन कार्ड लवकर मिळालं. तोवर मी या वाटेला गेलो नव्हतो.

आम्ही विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीच्या जवळ राहतो. तिथला हिवाळा नोव्हेंबरात येतो आणि एप्रिलपर्यंत हलत नाही. शेजारी एक वृद्ध जोडपं आहे. आजोबा टूल अँड डाय मेकर म्हणून निवृत्त झाले, म्हणजे सगळं आयुष्य मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी भांडण्यात गेलं. त्यांच्या दारातला बर्फ मी काढायचो, तिथून ओळख वाढली. आमची चिऊ त्यांना 'आजोबा'च म्हणते आणि आता तेही स्वतःला 'आजोबा'च म्हणवून घेतात. ते रिव्हॉल्व्हरने कागदाच्या लक्ष्यावर नेम धरायचे, तासन्‌तास, अगदी शांतपणे. त्यांच्याबरोबर मी रेंजवर जाऊ लागलो. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला श्वास धरून एका ठिपक्याकडे बघण्यात किती विश्रांती मिळते, ते मला तिथे कळलं.

स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं तेव्हा घरच्यांना हा खेळ निदान ओळखीचा झाला. "तसंच का?" असं विचारतात. तसं नाही. त्याच्या ५० मीटर रायफलमध्ये .२२ची छोटी काडतुसं असतात आणि ती पुन्हा भरता येत नाहीत, कारण पेट घेणारं रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं. आमचं .३८ स्पेशल. त्यात ते रसायन बुडाशी एका वेगळ्या टिकलीत असतं, तिला प्रायमर म्हणतात. ती बदलता येते, आणि सगळा खेळ तिथूनच सुरू होतो.

काडतुसाचे भाग चारच. पितळी पुंगळी, प्रायमर, दारू आणि पुढची गोळी. बार उडाला की तीन संपतात आणि पुंगळी उरते. चारांत ती बहुधा सगळ्यांत महागडी, आणि अनेकदा वापरता येते. जुना प्रायमर काढायचा, फुगलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, तोंड किंचित उघडून मोजून दारू घालायची, गोळी बसवायची आणि तोंड आवळायचं. प्रत्येक कामाला वेगळा डाय असतो आणि तो डाय धरणारं यंत्र म्हणजे प्रेस.

प्रेस तीन प्रकारचे. साध्या प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय बसतो. शंभर पुंगळ्यांवर पहिलं काम करायचं, डाय बदलायचा, मग शंभरांवर दुसरं. दुसऱ्या टोकाला प्रोग्रेसिव्ह. त्यात चार-पाच पुंगळ्या एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात आणि दांडा एकदा ओढला की एक तयार काडतूस बाहेर पडतं, तासाला चारशेच्या पुढे. या दोघांच्या मधला टरेट. त्याच्या डोक्यावर एक फिरती चकती असते आणि सगळे डाय तिच्यावर एकदमच बसतात. पुंगळी जागेवर राहते, डाय फिरून तिच्या डोक्यावर येतात.

मी अर्थातच आठवडाभर तुलनेचा तक्ता केला. रेडिंगच्या टी-७ मध्ये सात डाय, लायमनच्या एका मॉडेलमध्ये आठ, पण चकती हाताने फिरवायची. आमच्या घरापासून तासाभराच्या आत हार्टफर्ड नावाचं गाव आहे, तिथे ली प्रिसिजनचा कारखाना. त्यांच्या क्लासिक टरेटमध्ये डाय चारच, पण आतून एक पीळ दिलेला दांडू जातो. दांडा वरखाली केला की चकती आपोआप पाव फेरा फिरते. चार वेळा ओढा, एक काडतूस तयार. माझ्यातल्या इंजिनिअरला तो पीळ दिलेला दांडू फार आवडला. मोटर नाही, वायर नाही, तरी ऑटोमेशन!

आजोबांचा स्वतःचा प्रेस साधा, एका डायचा, चाळीसेक वर्षं जुना. माझा तक्ता बघून ते म्हणाले, "तासाला किती होतात ते लिहिलं आहेस. तासाला किती वेळा आत बघणार आहेस, तो रकाना कुठाय?" मी हसण्यावारी नेलं.

घरात परवानगी सहज मिळाली नाही. बायकोच्या अटी तीन. सगळं कुलपात. दारू तिच्या मूळ डब्यातच, प्रायमर वेगळ्या कपाटात. आणि तिसरी अट शिशाची. ही तिने डॉक्टरांकडून नीट समजून घेतली होती. मिलवॉकीत जुन्या घरांचे रंग आणि जुने पाण्याचे पाइप यांमुळे लहान मुलांची शिशासाठी रक्ततपासणी करतात. २०२१ पासून तिथली आरोग्य यंत्रणा एका डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला की लक्ष द्यायला सांगते. चिऊचा आकडा चांगला होता आणि तो तसाच राहायला हवा, एवढंच बायकोचं म्हणणं.

नेमकं काय घातक ते मला तेव्हा कळलं. गोळीच्या शिशापेक्षा उडालेल्या प्रायमरची राख वाईट. तिच्यात शिशाचा अंश असतो आणि ती धुळीसारखी पसरते. पुंगळ्या कोरड्या भुशात घोळवून साफ केल्या तर ही धूळ घरभर होते, म्हणून मी त्या पाण्यात धुतो. वर लेप दिलेल्याच गोळ्या घेतो. बेसमेंटमधल्या टेबलाशी खाणंपिणं बंद. वेगळा एप्रन, वेगळ्या चपला, काम झालं की साबणाने हात धुवायचे आणि मगच पोरीला घ्यायचं. प्रेस निवडतानाही याचा उपयोग झाला. मी घेतला त्यात जुना प्रायमर आतल्या आतच पोकळ दांड्यातून नळीत पडतो, टेबलावर उडत नाही. सगळ्या तक्त्यात खरं महत्त्वाचं कलम हेच होतं, आणि ते बायकोच्या अटीमुळे सापडलं.

पहिलं वर्ष छान गेलं. आठवड्यातून एक संध्याकाळ, तासाला शंभरेक काडतुसं. पैसे वाचले का, असं लोक विचारतात. नाही वाचले. एकेक काडतूस स्वस्त पडतं, पण मग माणूस जास्त उडवतो. शिवाय २०२० नंतर तर काही काळ प्रायमरच मिळेनासे झाले होते. आनंद वेगळाच होता. हाताला कळतं, पुंगळी डायमध्ये नीट गेली की नाही. लोणच्याची बरणी घट्ट बसल्याचं आईच्या हाताला कळतं ना, तसं.

धोका कुठे आहे हे आजोबांनी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. .३८ स्पेशल हे १८९८चं काडतूस. तेव्हा त्यात काळी दारू भरत आणि ती पुंगळी बरीच व्यापायची. आजची दारू बिनधुराची आणि कितीतरी जोरकस. ती ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. आमच्या नेमबाजीच्या काडतुसाला साधारण पाव ग्रॅम पुरते, चिमूटभर मीठ समजा. पुंगळी मात्र जुन्याच मापाची, सुमारे तीन सेंटिमीटर लांब. ती चिमूट तिच्या तळाशी पडून राहते. म्हणजे चुकून दोनदा दारू पडली तरी सांडत नाही, गोळी व्यवस्थित बसते आणि बाहेरून काडतूस अगदी शहाण्यासारखं दिसतं. या काडतुसात दाबाची ठरलेली मर्यादा दर चौरस इंचाला १७,००० पौंड आहे, मोटारीच्या टायरच्या सुमारे पाचशेपट. दुप्पट दारूने ती कुठच्या कुठे जाते. रिव्हॉल्व्हरचं चक्र फुटू शकतं, आणि ते हातात असताना फुटतं.

म्हणून नियम एकच. गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बघायचं. आणि त्याचा जोडनियम असा की दुसऱ्याने भरलेलं काडतूस उडवायचं नाही. "माझंही नाही," आजोबा म्हणाले होते.

दुसऱ्या हिवाळ्यात बायको एकदा स्वतःहून म्हणाली, "शनिवारी मी पण येते रेंजवर. बघू तरी एवढं काय आहे ते." मी हरखलो. आजोबांचा जोडनियम ऐन वेळी सोयीस्करपणे विसरलो, कारण आपल्या घरात 'दुसरं' कोण? गुरुवारी रात्री चिऊ झोपल्यावर तिच्यासाठी शंभर हलकी काडतुसं भरायला बसलो.

साठेक झाली असतील. टेबलावर ठेवलेला फोन वाजला. त्या आठवड्यात ऑफिसची ऑन-कॉल ड्युटी माझ्याकडे होती आणि एक सर्व्हर पडला होता. दांडा अर्ध्यावर होता. तो मी तसाच मागे सोडला आणि फोन घेतला. अर्ध्यात दांडा उलटा नेऊ नये, चकती धड इकडे ना तिकडे राहते, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. दहा-बारा मिनिटं बोललो. सर्व्हर उठला. परत येऊन दांडा ओढला, गोळी ठेवली आणि उशीर झाला म्हणून उरलेली भराभर उरकली. सगळी एकाच डब्यात ओतली आणि वर येऊन झोपलो.

झोप कुठली लागते! डोळे मिटले आणि प्रश्न समोर आला. फोन वाजला तेव्हा मी नक्की कितव्या डायवर होतो? परत आल्यावर त्या पुंगळीत बघितलं का? त्यानंतरच्या चाळीसांत बघितलं का? साठापर्यंत बघितल्याचं आठवत होतं. नंतरचं काहीच आठवत नव्हतं.

रात्री एक वाजता खाली जाऊन काट्यावर काडतुसं तोलून बघितली. उपयोग शून्य. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांच्या वजनातच पाव ग्रॅमचा फरक पडतो, त्यात दारूचा पाव ग्रॅम कसा ओळखणार? माझ्या धंद्यात शंका आली तर टेस्ट चालवतो, बिघडलं तर मागची आवृत्ती परत लावतो. काडतुसाची टेस्ट एकच, ते उडवणं. आणि ही टेस्ट शनिवारी बायकोच्या हातात होणार होती.

खरं सांगतो, एक विचार मनात येऊन गेला. डबा गुपचूप लपवायचा, दुकानातून नवी पेटी आणायची आणि काही बोलायचं नाही. तिला कळलंही नसतं. सकाळी चहाच्या वेळी मात्र सांगून टाकलं. सगळं, फोनपासून झोपेपर्यंत. वाटलं, आता रेंज बंद आणि प्रेसही विकायला निघणार.

तिने कप खाली ठेवला. "मग आता काय करतात?"

"फोडतात. सगळी."

"किती वेळ लागतो?"

"एकट्याला तीन-चार तास."

"दोघांना?"

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही आजोबांच्या गॅरेजमध्ये बसलो, कारण त्या आवाजात चिऊ झोपली नसती. ती आत आजीजवळ रंगकाम करत होती. काडतूस उघडायला प्लास्टिकचा हातोडा मिळतो. काडतूस त्याच्या डोक्यात अडकवायचं आणि हातोडा ओंडक्यावर आपटायचा. पुंगळी जागेवर राहते आणि झटक्याने गोळी निसटते. एकाला तीन-चार ठोके. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे. मी आपटायचो, बायको दारू काट्याच्या ताटलीत ओतून आकडा वाचायची आणि आजोबा वहीत लिहायचे. त्यांच्या डोळ्यांना आता पुंगळीच्या आतलं नीट दिसत नाही. त्यांनी स्वतः भरणं त्याच वर्षी सोडून दिलं होतं. हे त्यांनी त्या संध्याकाळी सहज बोलता बोलता सांगितलं. मला रागावले मात्र नाहीत. पन्नासावं फोडून झाल्यावर फक्त म्हणाले, "फोन पुंगळीत बघत नाही."

शंभरावं फोडलं. शंभर आकडे सारखे होते, इकडचा तिकडे अगदी थोडा फरक. दुप्पट एकही नव्हतं. रिकामंही नव्हतं.

मला हायसं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. "उगाच तुझी संध्याकाळ घालवली," मी म्हणालो.

ती हात धूत होती. म्हणाली, "उगाच कसं? आता मला माहितेय ना, तुला शंका आली तर तू सांगतोस." मग म्हणाली, "उद्या जाऊ या. पण काडतुसं दुकानातली."

गेलो. तिचा नेम माझ्यापेक्षा बरा निघाला, हे इथे लिहायची तिची आज्ञा आहे. काढलेली दारू मी बागेत पातळ पसरून टाकली. आजीचं म्हणणं, तिच्यात नायट्रोजन असतो, वसंतात ट्युलिपना बरं.

तेव्हापासून तो पीळ दिलेला दांडू प्रेसमधून काढला आहे. तो काही सेकंदांत निघतो आणि मग टरेट साध्या प्रेससारखा वापरता येतो. पन्नास पुंगळ्यांवर एक काम पूर्ण करायचं, चकती हाताने फिरवायची, मग पुढचं. दारू भरून झाली की पन्नासही पुंगळ्या भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात उभ्या असतात. वरून टॉर्च मारली की सगळ्यांचे तळ एकदम दिसतात. एखादीत पातळी वर असली तर ओळीत उंच उभा राहिलेल्या मुलासारखी ती लगेच नजरेत भरते. तासाला शंभर होत होती, आता पन्नास-साठ होतात. आजोबा म्हणतात, टरेट विकत घेऊन त्याचा माझा जुना प्रेस करून टाकलास. खरं आहे. तरीही टरेट घेतल्याचा पश्चात्ताप नाही. डाय कायम बसवलेले राहतात, पुन्हा पुन्हा जुळवावे लागत नाहीत. मला आज कुणी विचारलं की पहिला प्रेस कुठला घ्यावा, तर मी एवढंच सांगतो: ज्यावर काम करताना मधे थांबता येईल आणि आत बघता येईल तो. वेग नंतर बघा. फोन वर फ्रिजवर ठेवून या. आणि मधेच उठावं लागलं तर हातातली पुंगळी रिकामी करून उठा.

हे शेवटचं मामांचं. इंदूरहून वरणगावला गेलो तेव्हा त्यांना सगळी हकिगत सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. हातातलं अर्धं काम अर्धंच समजायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, असं म्हणाले. मग तोच जुना प्रश्न आला. "आणि आता तपासतं कोण?"

या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या राहिल्या की मी जिन्याखालून हाक मारतो. बायको वेगळ्या चपला घालून खाली येते, टॉर्च घेते आणि एकेका ओळीवरून नजर फिरवते. घाई करत नाही. कधीकधी एखाद्या पुंगळीवर बोट ठेवून "ही परत बघ" म्हणते, आणि मी ती रिकामी करून पुन्हा भरतो, वाद घालत नाही. मग ती "चालेल" म्हणते आणि टॉर्च ठेवून वर जाते.

त्यानंतरच मी गोळ्यांची पेटी उघडतो.